रविवार रात्र, अकरा एकोणसाठ

सोमवारी सकाळी आठला मी कॉम्प्युटर उघडते तेव्हा टिकिटांची, म्हणजे मदत मागणाऱ्या संदेशांची, रांग लागलेलीच असते, आणि त्यातली बहुतेक रविवारी रात्री साडेदहा ते साडेबाराच्या मधली असतात. खालून वर वाचत गेलं की सूर कसा चढत जातो ते कळतं. साडेदहाला "नमस्कार, माझी फाइल अपलोड होत नाहीये, कृपया मदत करावी." सव्वाअकराला "प्लीज कोणीतरी उत्तर द्या." ११:५२ ला नुसतं "हॅलो???" आणि १२:०४ ला "आता राहू दे. थँक्स." ते शेवटचं थँक्स जाम टोचतं बरं का.

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना मदत करते. मुलं आपलं म्हणायचं म्हणून, त्यातली कित्येक माझ्याहून मोठी आहेत आणि दोघी-तिघी तर आज्या आहेत. घरी सगळ्यांना वाटतं मी आयटीत आहे, एका लग्नात तर मावशीनं माझी ओळख "ही तिकडे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते" अशी करून दिली, मी पण मान हलवली, कारण खरं सांगायला बसले असते तर जेवणाची पंगत उठली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, असोसिएट डिग्री किंवा सर्टिफिकेट मिळतं, पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. यातलं सगळ्यात जुनं, अजून चालू असलेलं सरकारी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ चं. फी युनिव्हर्सिटीच्या मानानं बरीच कमी आणि प्रवेशाला मार्कांची चाळणी नाही (नर्सिंगसारखे काही कोर्स सोडून), त्यामुळे कोण येतं विचारा, तर सगळेच. रात्रपाळीवाले, नुकतंच बाळ झालेल्या, पंधरा वर्षांपूर्वी शिक्षण सोडलेले, आणि हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवणारी सोळा वर्षांची पोरं. ऑनलाइन कोर्स यांनाच सोयीचा. म्हणजे सोयीचा असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

आता हे ११:५९ काय प्रकरण आहे ते सांगते. बारा का नाही, तर "रविवार रात्री १२" म्हटलं की शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे यावरून भांडणं होतात. ११:५९ म्हटलं की वादच नको. त्यामुळे एलएमएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या त्या ऑनलाइन वर्गात, डेडलाइनची नुसती तारीख टाकली की वेळ आपोआप ११:५९ पडते, प्रोफेसरही ती बदलत बसत नाहीत. आणि वार रविवार का, तर आठवडा संपतो म्हणून, दुसरं काही नाही. आमचा हेल्पडेस्क मात्र शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद. म्हणजे ज्या तासाला अख्खं कॉलेज सबमिट बटण दाबत असतं त्या तासाला मदतीला चिटपाखरू नसतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणी ठरवलंच नाही, म्हणून तर इतकी वर्षं चाललंय.

बरं, अडचणी काय असतात? लोकांना वाटतं सर्व्हर पडला असेल. सर्व्हर क्वचित पडतो हो. बहुतेक वेळा काहीतरी इतकं बारकं असतं की सांगायला लाज वाटावी. गणिताचा गृहपाठ वहीत सोडवायचा, आयफोननं फोटो काढायचा आणि चढवायचा. २०१७ पासून आयफोनचे फोटो एचइआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये जातात, आणि प्रोफेसरनी असाइनमेंट बनवताना "फक्त पीडीएफ किंवा जेपीजी" अशी टिक करून ठेवलेली असते. विद्यार्थ्याला फोटो स्वच्छ दिसतोय, सिस्टिम म्हणतेय ही फाइल चालणार नाही, का चालणार नाही ते कुणीच सांगत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात मोस्ट कॉम्पॅटिबल, झालं, चार टिचक्यांचं काम. पण रात्री ११:४७ ला हे कुणाला सुचणार? त्याच गोत्रातला दुसरा प्रकार म्हणजे निबंधाच्या जागी गूगल डॉकची लिंक देणं आणि तिची परवानगी बंद ठेवणं. मुलाच्या मते निबंध दिलाय, प्रोफेसरच्या मते "अ‍ॅक्सेस मागा" असं लिहिलेलं एक पान दिलंय, शून्य मार्क.

आणि एमएफए! म्हणजे लॉगिन करताना फोनवर कोड येतो ते. सुरक्षेसाठी चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ते बनवणाऱ्यानं गृहीत धरलंय की माणसाचा फोन नंबर कायमचा असतो. आमच्याकडे बिल भरलं नाही म्हणून नंबर गेलेले, नवऱ्याच्या प्लॅनमधून बाहेर पडल्यावर नंबर बदललेले, फोन विकलेले लोक दर आठवड्याला येतात. जुन्या नंबरवर कोड जातो आणि तो नंबर आता भलत्याच कुणाकडे तरी असतो.

मागच्या वर्षी एका बाईंचा फोन आला, आवाज दबका, मागून गाडीचे दरवाजे लागल्याचे आवाज. पासवर्ड रिसेट हवा होता. मी नेहमीसारखं म्हटलं, लॅपटॉपवर ब्राउझर उघडा, तर त्या म्हणाल्या लॅपटॉप नाहीये, फोनवरच करते सगळं. मग मी म्हटलं ठीक आहे, मी स्पीकरवर थांबते, तुम्ही फोनवरच पेज उघडा. त्या म्हणाल्या, "फोनवर बोलत असताना इथलं वायफाय तुटतं, मी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये आहे, लायब्ररी बंद झालीये पण वायफाय बाहेरपर्यंत येतं." मागच्या सीटवर मुलगा झोपला होता म्हणून आवाज दबका. मी एकेक पायरी सांगायची, त्या फोन ठेवायच्या, करून बघायच्या, परत फोन करायच्या. असे सहा फोन झाले. सहाव्याला त्या लॉगिन झाल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे, क्विझ कालच बंद झाली."

घरी इंटरनेट का नव्हतं ते मी विचारलं नाही, पण अंदाज आहे. कोविडनंतर इथे अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाची सरकारी योजना होती, महिन्याला ३० डॉलरपर्यंत इंटरनेट बिलात सूट, पेल ग्रँट नावाची सरकारी मदत मिळणारे विद्यार्थी त्यात बसत होते. पैसे संपले आणि २०२४ च्या १ जूनला योजना बंद झाली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे हॉटस्पॉट, म्हणजे घरी न्यायचं छोटं वायफाय यंत्र, मागायला येणाऱ्यांची यादी एका पानावरून तीन पानांवर गेली, हॉटस्पॉट तेवढेच.

आता पैशांचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते जी विद्यार्थ्यांना जवळजवळ कुणीच नीट सांगत नाही. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परत फेडायची नाही. पण टर्मचे ६० टक्के दिवस भरायच्या आत तुम्ही कोर्सेस सोडून गेलात तर न "कमावलेला" हिस्सा परत करायचा हिशोब होतो. आणि तुम्ही कधी गेलात हे कसं ठरतं? ऑनलाइनला वर्गात हजेरी नसते, मग शेवटची शैक्षणिक हालचाल बघतात, असाइनमेंट दिली का, क्विझ दिली का, चर्चेत अभ्यासाबद्दल काही लिहिलं का. नुसतं लॉगिन त्यात धरत नाहीत. रोज लॉगिन करून, मॉड्यूल उघडून, घाबरून बंद करणारी माणसं मी लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं आणि काय केलं त्या नोंदीत, बघते. तीन आठवडे रोज येऊन बसलेत बिचारे, दारातून आत डोकावून परत गेलेत, आणि कागदावर ते गैरहजर. नियम चुकीचा आहे असं नाही म्हणत मी, ग्रँट लाटण्यासाठी खोटी नावं नोंदवणारे भामटेही आहेत, त्यांना आम्ही भूत-विद्यार्थी म्हणतो आणि दर टर्मला त्यांना हुडकत बसणं हे वेगळंच काम होऊन बसलंय. त्यातही वाईट काय, तर भूत आणि घाबरलेला विद्यार्थी पहिल्या दोन आठवड्यांत लॉगमध्ये अगदी सारखे दिसतात.

पालकांचे फोन हा अजून एक प्रकार. "माझ्या मुलीनं असाइनमेंट दिली का एवढंच सांगा." नाही सांगता येत. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क त्याचे स्वतःचे, वय सोळा असलं तरी. मुलीनं लेखी परवानगी दिल्याशिवाय मी ग्रेड सोडा, असाइनमेंट आली की नाही हेही बोलायचं नाही असा आमच्या ऑफिसचा नियम. मी भारतात वाढलेली, निकाल आधी वडिलांच्या हातात जायचा, त्यामुळे सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. आता नाही वाटत. एका मुलीनं एकदा मेलमध्ये लिहिलं होतं, माझ्या घरून फोन आला तर मी इथे शिकते हेसुद्धा सांगू नका. तेव्हापासून मी फोनवर पालकांशी गोड बोलते आणि काहीही सांगत नाही.

प्रोफेसरांबद्दल पण थोडं बोलायला हवं, कारण माझा अर्धा दिवस त्यांच्यात जातो. वाईट नाहीयेत हो ते, त्यातले बरेच अ‍ॅडजंक्ट, म्हणजे कोर्सागणिक पैसे मिळणारे, दोन-तीन कॉलेजांत मिळून शिकवतात, आमचं एलएमएस एक आणि पलीकडच्या कॉलेजचं वेगळंच. मागच्या टर्मचा कोर्स कॉपी करतात, तारखा बदलायच्या राहतात, आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला दिसतं की त्याची असाइनमेंट गेल्या ऑक्टोबरातच बुडाली. एका सरांच्या कोर्समध्ये १४० पानांचं स्कॅन केलेलं पीडीएफ होतं, जुन्या पुस्तकाचं, पानं तिरकी, एका पानावर कपाचा गोल डाग. वीस वर्षं तेच वापरत होते. त्या टर्मला वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आला, तो स्क्रीन रीडर लावतो, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर. त्यानं मला बाजूला बसवून ऐकवलं. फाइल उघडली आणि आवाज आला, "ग्राफिक." पुढचं पान. "ग्राफिक." १४० वेळा ग्राफिक. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नाहीतच मुळी.

मी सरांना बोलावलं आणि तेच ऐकवलं. नियमबियम काही सांगितले नाहीत, नियम आहेत, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहे, सरकारी संस्थांच्या वेबसाइट आणि कोर्स कसे असावेत याचा तपशीलवार नियम २०२४ मध्ये आला, त्याची ट्रेनिंग आम्ही देतो आणि त्यात लोक पेंगतात. सर तिसऱ्या "ग्राफिक"ला म्हणाले, बंद करा. मग आम्ही दोघांनी मिळून ती फाइल अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली, डागाच्या पानावर ते अडखळलं, ते पान सरांनी स्वतः टाइप केलं. व्हिडिओंच्या कॅप्शनचंही असंच, मशीन आपोआप कॅप्शन टाकतं आणि बायॉलॉजीच्या बाईंच्या "मायटोसिस"चं "माय टोज इज" करून ठेवतं, ज्याला ऐकू येत नाही त्यानं पेशीविभाजन सोडून पायाची बोटं शिकायची.

परीक्षेच्या वेळी कॅमेरा लावून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मला स्वतंत्र लिहायचंय, तेव्हा इथे एवढंच, की ओहायोत क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याच्या केसमध्ये फेडरल कोर्टानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की परीक्षेआधी त्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावणं ही घटनाबाह्य झडती होती. ज्यांची स्वतःची खोलीच नसते त्यांना हे कोर्टाआधी कळलं होतं.

आता ट्रकवाल्या काकांबद्दल. काका मीच म्हणते, मनातल्या मनात. पन्नाशीचे, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, अकाउंटिंगचा कोर्स घेतलेला, पाठ दुखते म्हणून पुढे बसून करायचं काम हवंय. आमचं कॉलेज सेंट्रल वेळेतलं, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या घड्याळावरचं. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा रविवारचा मुक्काम अ‍ॅरिझोनात पडायचा, तिथली वेळ आमच्या एक तास मागे, म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली होती, "१०:५९". त्या चिठ्ठीच्या हिशोबानं सगळं वेळेवर चाललं होतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे करतात. आमची झाली. अ‍ॅरिझोना मात्र, नाव्हाहो नेशनचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा भाग सोडला तर, घड्याळं हलवतच नाही. म्हणजे एका रात्रीत अंतर दोन तासांचं झालं, आणि काकांनी १०:२० ला, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे चांगली ३९ मिनिटं राखून, सबमिट दाबलं तेव्हा इथे १२:२० वाजले होते. आणि घड्याळं बदलण्याचा दिवस रविवारच असतो, डेडलाइनचाच.

त्यांचं टिकिट मी सोमवारी वाचलं. शिव्या नाहीत काही नाहीत, एकच वाक्य, "माझं घड्याळ बरोबर आहे, मी तीनदा बघितलं." मला हसू आलं नाही.

डेडलाइन वाढवायचा अधिकार मला नाही, तो प्रोफेसरचा. मी करू शकते ते एवढंच की लॉग उघडायचा आणि रात्री काय झालं ते लिहून पाठवायचं. माणूस किती वाजता आला, किती वेळा दाबलं, काय उत्तर मिळालं. मी काकांच्या अकाउंटिंगच्या मॅडमना लिहिलं की हे गृहस्थ आठ आठवडे दर रविवारी डेडलाइनच्या अर्धा-पाऊण तास आधी सबमिट करत आलेत, या आठवड्यात पण त्यांच्या घड्याळानं तेच केलंय, सोबत लॉग जोडलाय. अशा मेलना मी आता सरावलेय, सल्ला द्यायचा नाही, "कृपया विचार व्हावा" पण लिहायचं नाही, जे घडलं तेवढंच. तासाभरात मॅडमचं उत्तर आलं, मार्क दिले, आणि खाली एक ओळ, "हे रविवार रात्रीचं बदलता येतं का?"

येतं की! चार वर्षं मी मीटिंगांमध्ये तेच सांगत होते. सोमवारी दुपारी तीन करा, ज्याला रविवारी रात्रीच वेळ असतो त्याची रविवार रात्र कुठे जात नाही, वर आम्ही सकाळी आठला जागेवर असतो. कुणी म्हणायचं आठवडा बिघडतो, कुणी म्हणायचं मुलांना सवय झालीये, एकानं सांगितलं खऱ्या जगात डेडलाइन पुढे सरकत नाही. खऱ्या जगात ऑफिसं रविवारी रात्री बंद असतात, पण ते मी बोलले नाही, मीटिंग लांबली असती. मॅडमनी आपल्या दोन कोर्सेसमध्ये बदललं. मग त्यांच्या शेजारच्या केबिनमधल्यांनी. अजून बाकीचं सगळं कॉलेज आहे तसंच आहे.

दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी ७:४० ला काकांचं टिकिट, आता मुक्काम न्यू मेक्सिकोत. "फाइल जात नाहीये. अजून वेळ आहे म्हणून सावकाश लिहितोय, घाई नाही." खाली लेजरच्या पानाचा फोटो जोडलेला, कोपऱ्यात स्टिअरिंगचा तुकडा. एचइआयसी होता. मी कोट काढून खुर्चीला लावला आणि त्यांना फोन केला, "सेटिंग्जमध्ये जा, कॅमेरा शोधा."